इचिगाया ते अतामी

टोकियोत फिरायला आलेला माणूस इचिगाया स्टेशनवर सहसा उतरत नाही. उतरलाच, तर फलाटावरून जुन्या किल्ल्याचा बाहेरचा खंदक दिसतो आणि त्याच्या काठाशी पैसे भरून गळ टाकत बसायचं एक तळं. कामाच्या दिवशी, भर दुपारी, टाय सैल केलेली माणसं तिथे मासे धरत बसलेली असतात. पूल ओलांडून चढ लागला की टेकडीवर दूरसंचाराचा उंच मनोरा दिसू लागतो. तेच जपानचं संरक्षण मंत्रालय. आत जायला आधी नाव नोंदवावं लागतं, फाटकावर पासपोर्ट दाखवावा लागतो, आणि मग गटागटाने, वाटाड्याच्या मागोमाग, आखून दिलेल्या वाटेनेच चालायचं. मला त्या आवारातली एकच इमारत बघायची होती. बाकीच्या इमारतींबद्दल वाटाड्याने बरंच सांगितलं. माझं लक्ष नव्हतं.

ही इमारत १९३७ साली लष्करी अकादमीसाठी बांधली. १९४१ च्या अखेरीस लष्कर मंत्रालय आणि सेनेचं मुख्यालय या टेकडीवर आलं, म्हणजे पॅसिफिक युद्धाचा कारभार इथून चालला. आणि ३ मे १९४६ या दिवशी याच इमारतीच्या सभागृहात अतिपूर्वेसाठीच्या आंतरराष्ट्रीय लष्करी न्यायाधिकरणाचं कामकाज सुरू झालं. आरोपी २८, न्यायाधीश ११ देशांचे, आरोपाची कलमं ५५. ज्यांनी इथून हुकूम सोडले, त्यांनाच इथे आरोपींच्या पिंजऱ्यात बसवलं. जागा निवडणाऱ्या अमेरिकनांना हे सुचलं नसेल असं मला वाटत नाही.

पण आज दिसते ती मूळ इमारत नव्हे. १९९० च्या दशकात संरक्षण खातं इथे हलवायचं काम सुरू झालं, तेव्हा जुनी वास्तू वाटेत येऊ लागली. पाडू नका म्हणून लोकांनी आवाज उठवला. शेवटी तडजोड झाली. मधला भाग, सभागृह आणि वरच्या मोजक्या खोल्या सुट्या करून आवारातच दुसऱ्या जागी पुन्हा जोडल्या. सभागृहातली लाकडी जमीन मूळचीच आहे, तुकडा तुकडा उचलून परत बसवलेली. पुढे रंगमंचासारखा उंच भाग आहे, पूर्वी तिथे सम्राटाचं आसन असे. खटल्याच्या वेळी लांबीच्या एका बाजूला न्यायाधीश, समोरच्या बाजूला दोन रांगांत आरोपी, मध्ये वकील आणि लघुलेखक, वर सज्जात प्रेक्षक. आता यातलं काहीच उरलेलं नाही. ना बाकं, ना पिंजरा, ना दुभाष्यांच्या काचेच्या खोल्या. चकचकीत मोकळी जमीन, आणि कडेने काचेच्या कपाटांत गणवेश, कागद, छायाचित्रं. आमच्या गटातल्या बहुतेकांना वरच्या मजल्यावरच्या खोलीची घाई होती. २५ नोव्हेंबर १९७० रोजी लेखक मिशिमा युकिओ यांनी तिथे सेनाधिकाऱ्याला ओलीस धरलं आणि मग पोट चिरून घेतलं. दारावर तलवारीचे घाव अजून आहेत. सगळ्यांचे मोबाइल त्या घावांकडे वळले.

मी खालीच रेंगाळले. या जमिनीवर अडीच वर्षं जे चाललं त्याचा व्याप डोळ्यांसमोर आणणं सोपं नाही. ४१९ साक्षीदार प्रत्यक्ष उभे राहिले, ७७९ जणांच्या लेखी साक्षी वाचल्या गेल्या, चार हजारांवर पुरावे दाखल झाले. कामकाज इंग्रजीत आणि जपानीत. अनुवाद करणारे जपानी, त्यांच्यावर नजर ठेवणारे अमेरिकेत वाढलेले जपानी वंशाचे तरुण, आणि दोघांत वाद झाला तर निवाडा करायला तिसरं मंडळ. पहिल्याच दिवशी मागच्या रांगेतल्या ओकावा शूमेई या विचारवंताने पुढे बसलेल्या माजी पंतप्रधान जनरल तोजोंच्या टकलावर चापट मारली. ओकावांना वेडसर ठरवून खटल्यातून वगळलं गेलं. पुढे इस्पितळात बसून त्यांनी कुराणाचं जपानी भाषांतर पुरं केलं, त्यामुळे वेड खरं की सोंग, ही चर्चा कधी मिटली नाही.

थोड्याच दिवसांनी, १४ मे रोजी, बचाव पक्षाचे अमेरिकन वकील बेन ब्लेकनी उठले. युद्धात माणसं मारणं हा खून धरायचा, तर हिरोशिमावर बॉम्ब टाकणाऱ्यांचं काय, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. त्या भागाचा जपानी अनुवाद त्या दिवशी झालाच नाही, आणि सज्जातल्या जपानी श्रोत्यांना आपल्या बाजूने काय बोललं गेलं ते कळलं नाही. जिंकणाऱ्याच्या लष्करातला वकील शत्रूच्या सेनापतीसाठी असा भांडतो, ही गोष्ट मला त्या खटल्यातली सगळ्यात अभिमानास्पद वाटते, आणि तिचा अनुवाद थांबणं सगळ्यात लाजिरवाणी.

पिंजऱ्यात कोण होतं याइतकंच कोण नव्हतं हेही बघावं लागतं. सम्राट हिरोहितोंना आरोपी करायचं नाही, हे व्यापलेल्या जपानचा कारभार पाहणाऱ्या अमेरिकन जनरल मॅकआर्थरनी ठरवून टाकलं होतं. जिवंत माणसांवर रोगजंतूंचे प्रयोग करणाऱ्या ७३१ क्रमांकाच्या पथकातले डॉक्टरही सुटले, कारण त्यांच्या नोंदी अमेरिकेला हव्या होत्या. त्यांच्यातल्या काहींवर खटला चालवला तो सोव्हिएत युनियनने, डिसेंबर १९४९ मध्ये, खाबारोव्स्कला. पाश्चात्त्य वर्तमानपत्रांनी तेव्हा त्याला प्रचार म्हणून उडवून लावलं.

४ नोव्हेंबर १९४८ ला निकालाचं वाचन सुरू झालं, ते १२ तारखेपर्यंत चाललं. दोन आरोपी मधल्या काळात वारले होते, ओकावा बाहेर. उरलेल्या २५ पैकी सात जणांना फाशी, सोळा जणांना जन्मठेप, दोघांना मुदतीची कैद. फाशी झालेले सहा जण जनरल होते: तोजो, दोइहारा, इतागाकी, किमुरा, मुतो आणि मात्सुई. सातवे हिरोता कोकी, एकटे मुलकी. या यादीत माझं मन मात्सुई इवाने यांच्यापाशी अडकून राहिलं होतं, आणि अतामीला जायचं मी त्यांच्यासाठीच ठरवलं होतं. पण आधी इचिगायाहून पायी पंधरा मिनिटांवरचं यासुकुनीचं शिंतो देवस्थान.

यासुकुनीचं पोलादी तोरण लांबूनच अंगावर येतं. १८६८ च्या यादवीपासूनच्या युद्धांत सम्राटासाठी मेलेल्या सुमारे २४ लाख ६६ हजार जणांची नावं इथे देव म्हणून नोंदलेली आहेत. अस्थी नाहीत, थडगी नाहीत, फक्त नावं. १७ ऑक्टोबर १९७८ रोजी त्यांत गाजावाजा न करता १४ नावं घातली गेली: फाशी गेलेले सात आणि तुरुंगात किंवा निकालाआधीच वारलेले सात. सम्राट हिरोहितो १९७५ नंतर इथे आले नाहीत, त्यांचा मुलगाही गादीवर असताना आला नाही. कारण हीच १४ नावं असल्याचं एका दरबारी अधिकाऱ्याच्या टिपणवहीतून २००६ साली बाहेर आलं. पंतप्रधान मात्र अधूनमधून येत राहिले, आणि मग बीजिंग आणि सेऊलहून निषेधाचे खलिते येत.

आवारातल्या युद्धसंग्रहालयाच्या दालनात शिरताच एक काळं वाफेचं इंजिन उभं आहे, सयाम-ब्रह्मदेश रेल्वेवर धावलेलं. पाटीवर इंजिनाची माहिती मन लावून दिली आहे. त्या रुळांखाली हजारो युद्धकैदी आणि त्यांच्या कितीतरी पट आशियाई मजूर गाडले गेले, त्यांत मलायातल्या रबराच्या मळ्यांवरून नेलेले तमिळ मजूरही होते. त्या रेल्वेवरच्या जपानी अधिकाऱ्यांवर सिंगापूरला वेगळे खटले चालले. असे दुय्यम खटले आशियाभर झाले, एकूण साधारण ५,७०० जणांवर. सिंगापुरातला पहिलाच खटला, जानेवारी १९४६ मधला, भारतीय सैनिकांशी संबंधित होता. पालाऊ बेटांवर नेलेल्या भारतीय युद्धकैद्यांचा छळ केल्याबद्दल कॅप्टन गोझावा आणि आणखी नऊ जण उभे केले गेले. चोरीच्या आरोपावरून एका भारतीय कैद्याचं डोकं उडवणाऱ्या लेफ्टनंटला फाशी झाली. टोकियोच्या खटल्यावर मराठीत जे काही थोडंफार लिहिलं गेलंय त्यात या कैद्यांचा उल्लेख मला क्वचितच आढळला.

आढळतात ते न्यायाधिकरणावरचे भारतीय न्यायाधीश राधाविनोद पाल. संग्रहालयाच्या बाहेर त्यांचं स्मारक आहे, २००५ साली उभारलेलं. न्यायाधीशाच्या झग्यातला फोटो, खाली मजकूर. मी तिथे उभी असताना एका वयस्क जपानी गृहस्थांनी मला विचारलं, "इंडिया?" मी मान हलवली. त्यांनी पालबाबूंच्या फोटोकडे हात केला आणि मला कमरेत वाकून नमस्कार केला. मीही केला. परदेशात आपल्या माणसाला मान मिळाला की बरं वाटतंच, मलाही वाटलं. पण त्या नमस्काराखाली जो समज होता तो मला मान्य नव्हता, आणि तो खोडून काढण्याइतकी जपानी मला येत नव्हती.

पाल बंगालच्या नदिया जिल्ह्यातले, १८८६ चा जन्म, कलकत्ता उच्च न्यायालयाचे न्यायाधीश, नंतर कलकत्ता विद्यापीठाचे कुलगुरू. न्यायाधिकरणात आधी भारताला जागाच नव्हती. भारत आणि फिलिपीन्स मागून घेतले गेले, त्यामुळे पाल टोकियोला पोचले तेव्हा खटला सुरू झालेला होता. ते आले त्या भारताची हवाही ध्यानात घ्यावी लागते. काही महिन्यांपूर्वीच दिल्लीच्या लाल किल्ल्यात आझाद हिंद सेनेच्या तीन अधिकाऱ्यांवर इंग्रजांनी लष्करी खटला चालवला होता, आणि मुंबईचे नामांकित वकील भुलाभाई देसाई यांनी आपला आजार बाजूला ठेवून आंतरराष्ट्रीय कायद्याच्या आधारे त्यांचा बचाव केला होता. पराधीन देशाला स्वातंत्र्यासाठी लढायचा हक्क आहे, हा त्यांचा मुद्दा देशभर गाजला. साम्राज्यं चालवणाऱ्यांनी दुसऱ्याला साम्राज्य वाढवलं म्हणून शिक्षा करावी, हे त्या हवेतून आलेल्या माणसाला पचणं अवघड होतं.

पालांचं भिन्नमत १,२०० पानांच्या वर आहे. त्यांनी प्रत्येक आरोपीला प्रत्येक कलमातून निर्दोष ठरवलं. त्यांचा मुख्य आधार असा की आक्रमक युद्ध करणं हा तेव्हाच्या आंतरराष्ट्रीय कायद्यात व्यक्तीचा गुन्हा नव्हता, आणि कृत्य होऊन गेल्यावर कायदा करून शिक्षा देता येत नाही. १९२८ पासून सगळ्या जपानी नेत्यांनी मिळून जग जिंकण्याचा कट केला, हा सरकार पक्षाचा दावाही त्यांनी उडवून लावला. इथपर्यंतची पानं जपानी उजव्यांना तोंडपाठ आहेत. पुढची पानं ते उघडत नाहीत. तिथे पालांनी लिहिलं आहे की साक्षींत अतिशयोक्ती धरली तरी चीनमधल्या नानकिंगमध्ये आणि इतरत्र जपानी सैन्याने भयंकर अत्याचार केले याला भरभक्कम पुरावा आहे. त्यांचा प्रश्न फक्त एवढाच होता की ती कृत्यं समोर बसलेल्या या वरिष्ठांनी करवून घेतली, असं सिद्ध झालं का. त्यांचं उत्तर, नाही. "पाल म्हणाले जपान निर्दोष आहे" हे वाक्य मी टोकियोतही ऐकलं आणि पुण्यातल्या व्याख्यानातही. पाल तसं म्हणाले नव्हते. खुद्द नेहरू सरकारनेही त्यांच्या मतापासून अंतर राखलं. ते त्यांचं वैयक्तिक मत आहे, भारत सरकारचं नाही, अशी दिल्लीची भूमिका होती.

त्या भिन्नमताचा शेवट काळ आणि न्यायाच्या तराजूबद्दलच्या एका भारदस्त वाक्याने होतो. ते वाक्य पालांचं नाही. अमेरिकेच्या यादवीत गुलामगिरी राखू पाहणाऱ्या दक्षिणेचे अध्यक्ष जेफरसन डेव्हिस यांचं ते, ज्यांच्यावर राजद्रोहाचा आरोप ठेवला गेला पण खटला कधी चालला नाही. पालांसारख्या वसाहतवादविरोधी माणसाने हा आधार शोधावा, यावर मी पुष्कळ विचार केला आहे. समाधानकारक उत्तर सापडलेलं नाही.

इकेबुकुरोला मी संध्याकाळी गेले. जिथे सुगामोचा तुरुंग होता तिथे आता सनशाइन ६० नावाची साठ मजली इमारत आहे, त्याच संकुलात मत्स्यालय, दुकानं, खाण्याच्या जागा. तुरुंग १९७१ साली पाडला, इमारत १९७८ मध्ये उघडली. शेजारच्या छोट्या बागेच्या कोपऱ्यात एक दगड आहे, त्यावर चिरंतन शांततेची प्रार्थना कोरलेली. २३ डिसेंबर १९४८ ला मध्यरात्रीनंतर काही मिनिटांतच सातही जणांना इथे फाशी दिली. दिवस युवराज अकिहितोंच्या वाढदिवसाचा होता. दगडाजवळ शाळकरी मुलं मोबाइलवर खेळत बसली होती. थांबण्यासारखं इथे फार नाही.

खरं काही उरलंय ते अतामीत. टोकियोहून शिन्कान्सेनने पाऊण तासाची वाट, समुद्राकाठचं गरम पाण्याच्या झऱ्यांचं गाव, जुन्या पिढीतल्या नवविवाहितांचं ठरलेलं ठिकाण. स्टेशनवरून बसने इझुसानला उतरायचं आणि मग डोंगर चढायचा. चढ असा की पोटऱ्या भरून येतात. जुलै २०२१ मध्ये याच इझुसानमध्ये डोंगराचा चिखल घरांवर आला आणि २८ माणसं गेली. आपल्याकडे महाडजवळचं तळिये गेलं तेही त्याच महिन्यात. चढताना उजवीडावीकडे नवीन भिंती दिसत राहतात, आणि माझ्या डोक्यात काही वेळ टोकियोऐवजी रायगडच फिरत होता.

वर कोआ कान्नोनचं छोटं देऊळ आहे. कान्नोन म्हणजे करुणेची देवता, आपला अवलोकितेश्वर. हे स्थान १९४० साली जनरल मात्सुईंनी उभारलं. मूर्तीच्या मातीत चीनच्या रणभूमीवरून आणलेली माती मिसळली होती. चीन आणि जपान, दोन्ही बाजूंच्या मृतांसाठी ती आहे, असं त्यांनी ठरवलं होतं, आणि मूर्तीचं तोंड चीनच्या दिशेला आहे. निवृत्तीनंतर ते अतामीतच राहिले आणि इथे येऊन प्रार्थना करत.

मात्सुई तरुणपणापासून चीनचे प्रेमी. चिनी भाषा येणारे, चिनी क्रांतिकारक सुन यत-सेनच्या चळवळीला सहानुभूती असलेले, आशियाने गोऱ्यांविरुद्ध एक व्हावं असं मानणारे. डिसेंबर १९३७ मध्ये नानकिंग घेणाऱ्या सगळ्या फौजा त्यांच्या हाताखाली होत्या. शहर १३ तारखेला पडलं. ते १७ तारखेला विजययात्रेसाठी आत गेले. पुढचे सहा आठवडे तिथे जे झालं त्यात दोन लाखांवर माणसं मारली गेली, असं न्यायाधिकरणाने धरलं. मात्सुई बराच काळ आजारी होते, त्यांनी कत्तलीचा हुकूम दिला असं कोणी सिद्ध केलं नाही. उलट शिस्त राखा असे त्यांचे आदेश सापडतात, आणि अधिकाऱ्यांना त्यांनी झापल्याच्या आठवणीही. म्हणूनच बाकी सगळ्या कलमांतून ते सुटले, आणि एकाच कलमावर फाशी गेले: कायदा मोडला जाऊ नये म्हणून पुरेशी पावलं न उचलणं.

याआधी मनिलात हाच प्रश्न आला होता. फिलिपीन्समध्ये जपानी सैनिकांनी केलेल्या अत्याचारांसाठी जनरल यामाशितांवर अमेरिकेने ऑक्टोबर १९४५ मध्ये खटला भरला आणि ७ डिसेंबरला, पर्ल हार्बरच्या चौथ्या वर्षदिनी, फाशी सुनावली. त्यांचा दावा होता की फौजा विखुरल्या होत्या, संपर्क तुटला होता, आपल्याला काही कळत नव्हतं. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं. तिथेही मर्फी आणि रटलेज या दोन न्यायमूर्तींनी कडक भाषेत असहमती नोंदवली. यामाशितांच्या बाबतीत मला शंका आहेत. मात्सुईंच्या बाबतीत कमी. त्यांना कळत होतं. परदेशी वकिलातींच्या तक्रारी पोचत होत्या. झापून माणसं ऐकत नसतील तर सेनापतीकडे कोर्टमार्शल होतं, शहरातून तुकड्या बाहेर काढण्याचा अधिकार होता. पालांनी या जागी मात्सुईंना सोडलं. माझ्या मते १,२०० पानांतला त्यांचा सगळ्यात कच्चा दुवा इथे आहे. फाशी हीच शिक्षा हवी होती का, हा वेगळा मुद्दा.

देवळाच्या आवारात सात जणांच्या नावाने शिळा आहे. तिच्यावरची अक्षरं माजी पंतप्रधान योशिदा शिगेरूंची. १९७१ साली एका कडव्या डाव्या गटाने ती स्फोट करून फोडली, नंतर तुकडे जोडून पुन्हा उभी केली. सांधे स्पष्ट दिसतात. मृतदेह योकोहामात जाळून अमेरिकनांनी अस्थी नेल्या, भक्तस्थान होऊ नये म्हणून. विमानातून त्या योकोहामाच्या पूर्वेस सुमारे ३० मैलांवर पॅसिफिकमध्ये टाकल्याचा कागद २०२१ मध्ये उजेडात आला. पण खटल्यातल्या एका जपानी वकिलाने आणि जवळच्या देवळातल्या भिक्षूने रात्री दाहगृहात शिरून उरलीसुरली राख गोळा केली होती. सातही जणांची मिसळलेली ती राख इथे आणून लपवली गेली. म्हणजे चिनी मृतांसाठीही उभ्या केलेल्या देवतेच्या पायाशी, नानकिंगच्या कत्तलीसाठी फाशी गेलेला सेनापती. चीनमधून इथे कोणी येतं का, असं मी तिथल्या बाईंना विचारलं. क्वचित, म्हणाल्या, आणि चहा ठेवला.

खाली उतरताना गावातली हॉटेलं आणि गोल्फची हिरवळ दाखवणारा फलक लागला, आणि मला राजपुत्र असाका आठवले. नानकिंगवर चालून गेलेल्या शांघाय मोहीम सेनेचं प्रत्यक्ष नेतृत्व डिसेंबर १९३७ मध्ये मात्सुईंच्या हाताखाली असाका यासुहिको करत होते. सम्राटाच्या आत्याचे यजमान. राजघराण्यातल्या कुणालाही हात लावायचा नाही असं ठरल्यामुळे ते इचिगायाच्या पिंजऱ्यात आले नाहीत. १९४७ मध्ये त्यांची पदवी गेली, टोकियोतला त्यांचा देखणा वाडा आता कलासंग्रहालय आहे. ते अतामीला येऊन राहिले, गोल्फ खेळले, आणि १९८१ साली, वयाच्या ९३ व्या वर्षी, इथेच वारले.